परवान्यावरची जागा

फोन वाजला तेव्हा घायाचे दोन्ही हात खमीर रोटीच्या पिठात होते. तिने कोपराने फोन सरळ केला आणि मान वाकवून मेसेज वाचला. काल संध्याकाळी पाचच्या सुमारास, मसाफीच्या उतारावर, तुमची गाडी मर्यादेपेक्षा साठाहून जास्त वेगाने धावत होती. पुढे दंड, आणि त्याच्याखाली काळे पॉइंट, बारा.

काल संध्याकाळी पाचच्या सुमारास घाया घरात, गालिच्यावर बसून मयेदच्या छातीला कोमट तेल चोळत होती आणि गुदगुल्या होतात म्हणून तो लाथा झाडत होता.

तिने फोन पालथा घातला आणि पीठ मळत राहिली. राग यायला हवा होता, पण आला नाही. धुण्याच्या ढिगावर आणखी एक चादर येऊन पडावी आणि आपण नुसतं बघत राहावं, तसं काहीतरी झालं.

गाडी तिच्या नावावर होती. लग्नात वडिलांनी दिलेली, पांढरी, उंच. त्यामुळे गाडीचं जे काही बरंवाईट होई ते तिच्याच फोनवर येई. चालवायचं मात्र दोघांत वाटलेलं होतं. खलफान, तिचा नवरा, वीज खात्यात तारांच्या दुरुस्तीवर होता. चार दिवस डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर, तीन दिवस घरी. ते चार दिवस गाडी घायाकडे असे आणि तिचा वेग गावात चेष्टेचा विषय होता. घाया पुढे असली की मागचा माणूस गहव्याची कॉफी पिऊन येतो म्हणत. उरलेले तीन दिवस गाडी खलफानकडे. खात्याच्या पिकअपला वेगाची वेसण बसवलेली होती, ठरावीक आकड्यापुढे ती जातच नसे. त्यामुळे घरी आला आणि ही गाडी हातात आली की त्याचं सुटलेल्या घोड्यासारखं होई. चार दिवस खांबांवर लटकून आलो की रस्ता मोकळा दिसतो आणि पाय आपोआप दाबला जातो, असं तो म्हणे. त्यात खोटं काही नव्हतं.

दंडाचं काय, पैसे भरले की मिटतं. गाडी जप्त व्हायची असली तरी तीसुद्धा पैसे भरून सोडवता येते. पॉइंट मात्र पैशाने सुटत नाहीत. ते कुणाच्या तरी परवान्यावर बसावेच लागतात. कॅमेऱ्याला नंबरपाटी दिसते, आतला चेहरा दिसत नाही. म्हणून दंड भरताना फोनवर एक रिकामा चौकोन उघडतो: चालकाच्या परवान्याचा क्रमांक लिहा. वर्षभरात चोवीस पॉइंट भरले की परवाना तीन महिने जप्त, आणि वर्ष उलटलं की जुने आपोआप गळतात. हा हिशेब त्या वादीत, डोंगरांमधल्या त्या खोऱ्यात, शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आणि तो चौकोन म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढायची सरकारमान्य जागा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी आजोबांचा नंबर घाली, कुणी बहिणीचा.

या घरात पहिला नंबर गेला तो घायाच्या सासूचा.

मोझाबाईंनी परवाना काढला तेव्हा वादीत दुसऱ्या कुठल्या बाईकडे तो नव्हता. नवरा लवकर गेला. लिंबं आणि बकऱ्या पिकअपमध्ये घालून त्या शुक्रवारच्या बाजाराला एकट्या जात, चेहऱ्यावर निळसर चकाकीचा बुरखा आणि खिडकीबाहेर काढलेलं कोपर. पुढे गुडघे गेले आणि पाच वर्षांपासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. परवाना मात्र वेळच्या वेळी नवा करून आणलेला, उदाच्या डबीत ठेवलेला. डबी उघडली की त्याला धुपाचा वास येई. आईचा परवाना तसाही पडूनच असतो, असं म्हणून खलफानने मागच्या वर्षी तो चौकोनात घालायला सुरुवात केली. हिवाळा संपता संपता चोवीस भरले. दोन काठ्यांवर चालणाऱ्या मोझाबाईंचा परवाना बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल जप्त झाला. गावातल्या बायका महिनाभर हसल्या. एकशे ऐंशीने सुटलेली म्हातारी म्हणून कुणीतरी त्यांना नाव ठेवलं, आणि मोझाबाईही हसल्या. तीन महिने उलटले, पण परवाना परत आणायला कुणीच गेलं नाही. नड कुणाला होती? डबी तेवढी आता रिकामी होती, आणि त्या ती अधूनमधून उघडून हुंगत. घायाने ते पाहिलं होतं. घाया सगळंच पाही.

तिला ती सवय मयेदमुळे लागली होती. पोरगा आता सहाचा झाला, पण दोनाचा असल्यापासून त्याला दम्याची उबळ येई. झोपेत त्याचा श्वास बदलला तरी तिला जाग येई. बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाते का, नाकपुड्या फुलतात का, बोलताना वाक्य मध्येच तोडतो का, हे ती येताजाता बघे, आणि आपण बघतोय हे त्याला कळू नये याचीही काळजी घेई. कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं होतं. उबळ किती वेळा येते, कुठल्या महिन्यात जास्त, धुळीचं वारं सुटलं की किती तासांनी, सगळं तिच्या डोक्यात मांडलेलं असे. त्या मांडणीचा उपयोग एवढाच की ती कधी निवांत बसत नसे. वादीपासून दिब्ब्याचं हॉस्पिटल लांब. खलफान डोंगरात असला की घरात ती, पोरगा आणि गुडघे गेलेली सासू. तिचा परवाना म्हणजे त्या पोरापासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता होता.

आणि त्या परवान्यावर आता चौदा पॉइंट होते. तिने स्वतः त्यातला एकही कमावलेला नव्हता.

पहिले सहा तिने स्वतःहून मागून घेतले होते, हे मात्र खरं. गेल्या रमजानातली गोष्ट. रोजा सुटायला थोडा अवकाश होता, मयेदचे ओठ निळसर पडले होते, आणि खलफान सुदैवाने घरी होता. त्याने गाडी अशी हाणली की मागच्या सीटवर पोराला धरून बसलेल्या घायाला डोंगर दिसलेच नाहीत. कॅमेऱ्याचा प्रकाश चमकला तेवढा दिसला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. दोन दिवसांनी मेसेज आला तेव्हा ती म्हणाली होती, हे माझ्या नावावर घाल, आणि म्हणताना तिला बरं वाटलं होतं. त्या पॉइंटांचा तिला अभिमानच होता म्हणा ना. मग चार आले, फोन कानाला लावून गाडी चालवल्याचे. मग चार, पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटल्याचे. तेव्हा खलफानने विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तिच्या परवान्याचा नंबर त्याला तोंडपाठ झाला होता. मयेदच्या औषधाचं माप मात्र तो अजून दर वेळी विचारून घेई.

रात्रीच्या जेवणाला ताट मध्ये ठेवून चौघं बसली. भातावर तळलेला मासा होता. घायाने मेसेजाचं सांगितलं. खलफानचा हात क्षणभर थांबला, मग त्याने काटा काढून माशाचा मऊ तुकडा मयेदच्या बाजूला सरकवला. तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर काम सोपं झालं असतं.

त्याच्या स्वतःच्या परवान्यावर सोळा होते. बारा घातले की गेलाच. परवाना गेलेल्या माणसाला खातं डोंगरात पाठवत नाही, कोठारात बसवतं, तारांची भेंडोळी मोजायला. डोंगराचा भत्ता बंद. आणि कोठाराचा साहेब म्हणजे याच्याच बरोबरीचा एक जण, ज्याची याने जन्मभर टर उडवली. हे सगळं त्याने न चिडता सांगितलं. मग म्हणाला, "माझा परवाना म्हणजे घरातली भाकरी आहे, घाया. तुझा म्हणजे सोय."

मोझाबाईंनी चावणं थांबवलं. "आणि माझा काय होता रे?"

"आई, तुझा परवाना उदाला वास लागावा म्हणून होता."

मयेद खिदळला. मोझाबाईही हसल्या, पण त्यांचा हात ताटाकडे परत गेला नाही.

घायाने फक्त बेरीज सांगितली. चौदा आणि बारा, सव्वीस. तिचाही गेला. खलफानने मान हलवली, जणू या वाक्याचीच वाट बघत होता, आणि ठरवलेलं सांगितलं. शाळा सुरू होतात त्या दिवशी दर वर्षी ती शपथ असते ना? फोनवर शपथ घ्यायची, त्या दिवशी एकही गुन्हा करायचा नाही, की चार पॉइंट माफ. चौदाचे दहा. दहा आणि बारा बावीस. बसतं. गाडीचा वार्षिक नोंदणीचा कागद पुढच्या महिनाअखेरीला करायचा आहे, दंड तोवर भरला नाही तरी चालतं. आधी चार गळू देत, मग बारा घालू.

"तुझ्यासारखी बाई एक दिवस नीट गाडी चालवू शकत नाही का?" तो हसून म्हणाला. "तू तर तीनशे पासष्ट दिवस तेच करतेस."

हिशेब बरोबर होता. तिला त्यात चूक सापडेना. बावीसवर उभी राहिलेली बाई पुढे वर्षभर कशी गाडी चालवते, हे हिशेबात धरायची पद्धत नव्हती. तिने बरं म्हटलं आणि ताट उचललं.

*

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळीच हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटत होती. घायाने आदल्या रात्रीच शपथ घेतली होती. वेग पाळीन, फोनला हात लावणार नाही, पायी चालणाऱ्याला वाट देईन, असं सगळं वाचून तिने खाली बोट टेकवलं होतं. मयेदने विचारलं, शपथ मोडली तर अल्ला शिक्षा करतो की पोलीस? ती म्हणाली, दोघेही.

खलफान त्याच पहाटे डोंगराकडे गेला. जाताना दारातून म्हणाला, "आज हळू हं," आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मोझाबाई म्हणाल्या, मीही येते, नातू पहिलीत जातोय. त्या पुढच्या सीटवर काठ्या गुडघ्यांत धरून बसल्या. मागे मयेद, इस्त्रीचा पांढरा पायघोळ कंदूरा, त्याच्याएवढंच दप्तर.

घायाने गाडी काढली ती काचेचं भांडं डोक्यावर घेतल्यासारखी. मसाफीच्या उतारावर तो कॅमेरा आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ओळखीच्या माणसाला टाळावं तसं. दिब्ब्यात शिरल्यावर पुढे शाळेची पिवळी बस थांबली आणि तिच्या अंगातून थांबा लिहिलेला लाल हात बाहेर आला. घाया पुष्कळ अंतर राखून थांबली. मागचा भोंगे वाजवू लागला. मोझाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, याच्या आईकडे परवाना आहे वाटतं.

घाया त्या दिवसातलं पहिलं हसली. आणि हसता हसता थांबली, कारण मागून आवाज आला होता. खोकला नव्हता. खोकल्याच्या आधी येते ती बारीक शीळ.

आरशात तिला त्याचा चेहरा दिसला. तो खिडकीबाहेर बघत होता, फार शांतपणे. फार शांत असला की तिला भीती वाटे. सकाळपासून नव्या मैत्रीची, नव्या बाईंची, पहिल्या दिवसाची भीती पोटात धरून बसला असेल, आणि वर ही दमट हवा.

तिने पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी घेतली, वळायचा दिवा लावून, नियमाने. पिशवीतून दम्याचा पंप काढला, नळीचं भांडं तोंडाला लावलं, दोन फवारे दिले, थांबली, आणखी दोन दिले. तो श्वास घेत होता, पण गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे, कातडी खड्ड्यासारखी आत जात होती. तिने विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, "बरं," आणि थोड्या वेळाने, "आहे." दोन शब्दांच्या मधे श्वास होता.

शाळा उजवीकडे होती. ती डावीकडे वळली, हॉस्पिटलच्या रस्त्याला.

त्या रस्त्यावर एकच सिग्नल. ती पोचेपर्यंत तो लाल झाला.

समोरचा आडवा रस्ता दोन्ही अंगांनी मोकळा होता. डावीकडे खजुराच्या बागेची भिंत, उजवीकडे बंद पडलेलं टायरचं दुकान, आणि दूरवर ऊन. गाडी नाही, माणूस नाही. वर, खांबावर, कॅमेरा. मागे मयेदची शीळ आता उच्छ्वासातही येऊ लागली होती.

मोझाबाईंनी दोन्हीकडे पाहिलं, बाजाराला जाताना पाहत असतील तसं, आणि हळूच म्हणाल्या, "कुणी नाही, पोरी. जा."

घायाचा पाय ब्रेकवर होता. तिने तो उचलायचं ठरवलं. लाल सिग्नल तोडला तर बारा. चौदा आणि बारा सव्वीस. शपथ मोडली म्हणजे चार राहिलेच. परवाना आज गेला तर खलफान परत डोंगरात, आणि धुळीचे दिवस यायचेत, आणि पुढची उबळ, तेव्हा कोण? आणि ते बारा, त्याचे बारा, ते कुठे बसवायचे? चौदा आणि बारा. दहा आणि बारा. पाय तिथेच होता.

"घाया," मोझाबाई म्हणाल्या.

ती हलली नाही. सिग्नल आपल्या वेळेने हिरवा झाला आणि ती निघाली, पुन्हा मर्यादेतच.

हॉस्पिटलात त्यांना ओळखत होते. मास्क लागला, वाफ सुरू झाली, मयेदचे खांदे हळूहळू खाली आले. डॉक्टर म्हणाले, मध्यम उबळ आहे, फवारे दिलेत ते छान केलंत. घायाने त्यांना विचारलं, एखादं मिनिट आधी आलो असतो तर? त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, काही फरक पडला नसता, बाई. असं पुन्हा पुन्हा विचारत बसू नका स्वतःला. भले गृहस्थ होते.

तिला सुटका वाटायला हवी होती. फरक पडला नव्हता. लाल दिव्याला थांबणं हेच बरोबर, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आंधळ्या कोपऱ्यावरून एखादा खलफान साठ जास्तीच्या वेगाने येऊ शकतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी वाफेच्या यंत्राची घरघर ऐकत ती खुर्चीत बसली आणि तिला आठवेना की त्या सिग्नलवर मयेदचा श्वास कसा होता. तिला तो नेहमी आठवतो. प्रत्येक उबळीचा आवाज तिच्याकडे जपलेला आहे. या वेळी तिथे एक कोरी जागा होती आणि तिच्यात आकडे भरलेले होते.

मोझाबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी बुरख्याखालून नाक पुसलं. सिग्नलचं त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि खलफान घरी आल्यावरही नाही. फक्त परतताना गाडीत म्हणाल्या, "माझ्या नावावर घातले तेव्हा मी म्हटलं, घाला, मला कुठे जायचंय. मग एकदा असंच वाटलं, समजा जायचं असलं तर?"

 घाया रस्त्याकडे बघत राहिली.

*

पंधरवड्याने मेसेज आला. आपण शपथ पाळलीत, आभार, आपल्या परवान्यावरचे चार काळे पॉइंट कमी करण्यात आले आहेत. खलफान घरीच होता. त्याने तिच्या खांद्यावरून वाचला आणि टाळी वाजवली. संध्याकाळी दाट दुधाचा करक चहा आणि बाजारातून मयेदसाठी आणलेलं आइस्क्रीम असा थोडा उत्सव झाला. मयेद बरा होता. त्याला शाळेत एक मित्र मिळाला होता, ज्याचा दात पडला होता, आणि घरात सध्या त्या दाताशिवाय दुसरी बातमी नव्हती.

चहा झाल्यावर खलफान भिंतीला टेकून बसला आणि त्याने दंड भरायचं पान उघडलं. गाडीच्या कागदाची तारीख जवळ आली होती. रक्कम भरली, पुढे गेला. तो चौकोन उघडला. त्याचा अंगठा तिचा नंबर लिहू लागला, न बघता.

"थांब," घाया म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

ती मयेदचे धुतलेले कपडे घडी करत होती. हातातली घडी तिने पुरी केली. मग सांगितलं. पंपाचं, डावीकडे वळल्याचं, मोकळ्या रस्त्याचं. मयेदला उबळ आली आणि हॉस्पिटलात नेलं एवढं त्याला फोनवर कळलं होतं. सिग्नलचं नव्हतं. ऐकता ऐकता तो सरळ बसला. म्हणाला, थांबलीस ते बरोबरच केलंस, कॅमेरा होता, आणि पोरगा ठीक आहे ना. त्याच्या आवाजात घाई होती.

"बरोबर केलं," ती म्हणाली. "पण मी कशी थांबले ते सांगते. तुझा मुलगा मागे श्वासासाठी धडपडत होता आणि मी तुझे पॉइंट मोजत होते. त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं, खलफान. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नव्हतं."

 खलफानने आईकडे पाहिलं. मोझाबाई चहाच्या पेल्यात बघत होत्या.

"आता दहा आहेत," घाया पुढे म्हणाली. आवाज थकलेला होता, भांडणाचा नव्हता. भांडायला लागतं तेवढं बळ तिच्याजवळ उरलं नव्हतं. "चौदाची जागा आहे. त्यात एक लाल सिग्नल बसतो. कदाचित कधी लागणारही नाही. पण ती जागा मला हवी. त्याच्यासाठी. त्यात तुझा मसाफीचा उतार मी घालणार नाही."

"आणि कोठार?" तो म्हणाला. "तीन महिने तारा मोजत बसू?"

"मी तर कधीपासून मोजतेय."

तो हसला नाही. बराच वेळ फोनचा पडदा त्याच्या हातात उजळलेला राहिला, मग विझला. त्याने तो पुन्हा उजळला. रमजानातल्या त्या दिवसाचं तो बोलू लागला, तेव्हा मी हळू गेलो असतो तर, आणि अर्ध्यातच गप्प झाला. तो दिवस त्याने इतक्यांदा वापरला होता की आता त्यालाच तो झिजलेला वाटला असावा. घाया म्हणाली, ते सहा माझेच आहेत, ते मी कधी परत मागितले नाहीत.

मोझाबाईंनी पेला खाली ठेवला. "अरे, लिही. तुझ्या बापाने आयुष्यात एकदा दुसऱ्याच्या शेतातली बकरी आपली म्हणून सांगितली होती, आणि रात्रभर झोपला नाही. तू तर वर्षभर मस्त घोरतोयस."

खलफानने तिचे लिहिलेले आकडे पुसले. मग तो थांबला, कारण स्वतःच्या परवान्याचा नंबर त्याला पाठ नव्हता. कंदूऱ्याचे खिसे चाचपले, उठला, आतल्या खोलीतून पाकीट आणलं, कार्ड काढलं, दिव्याखाली धरलं आणि एकेक आकडा बघून लिहिला. शेवटचं बटण दाबताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही. नंतर बाहेर जाऊन बकऱ्यांजवळ उभा राहिला, बराच वेळ. घायाने त्याला हाक मारली नाही. तिने उरलेले कपडे घडी केले.

*

परवाना जप्त झाला आणि खलफान कोठारात बसू लागला. खात्याची पिकअप दुसऱ्याकडे गेली, म्हणून रोज सकाळी घाया आधी त्याला कोठारावर सोडी आणि मग मयेदला शाळेत. घरातली भाकरी आता तिच्या परवान्यावर चालत होती, पण हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. भत्ता बंद झाला तसं घरात मासा कमी वेळा शिजू लागला. खलफान पहिले दोन दिवस दाढीच्या आड गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, या वेगाने आपण पोचेपर्यंत माझे तीन महिने संपतील. ती म्हणाली, मग परत चालवायला घेशील. तो म्हणाला, बघू.

पुढच्या आठवड्यात मोझाबाईही बरोबर निघाल्या. चांगला बुरखा, डोळ्यांत काजळ, मांडीवर उदाची रिकामी डबी. त्यांचा परवाना कार्यालयात कितीतरी दिवस पडून होता, तो त्यांना आणायचा होता. कशाला हवाय, असं कुणी विचारलं नाही.

दिब्ब्यात, खजुराच्या भिंतीपाशी, सिग्नल लाल झाला.

समोरचा रस्ता नेहमीसारखाच मोकळा होता. खलफान शेजारच्या सीटवर होता. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्याचा उजवा पाय खालच्या रबरी पायपुसण्यावर आपोआप दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं. तो पाय त्याने तसाच ठेवला.

मागे मयेद आजीला दाताची गोष्ट सांगत होता, लांबच लांब वाक्यांत, कुठेही न थांबता. घाया ती ऐकत होती. हिरवा व्हायला अजून वेळ होता. तिने पाठ सीटला टेकवली.